मोजून चुकवलेली तेरा गणितं

"मॅडम, पोरीचा दाखला द्या."

हे वाक्य माझ्या उजव्या कानात शिरलं, त्याच वेळी डाव्या कानात दुसरं शिरत होतं. "ढोले मॅडम, हे काय आहे?" उजवीकडे श्रावस्तीचे वडील, हातात फुलस्केप कागदावर लिहिलेला अर्ज. डावीकडे आमचे केंद्रप्रमुख राठोड सर, हातात त्याच श्रावस्तीचा चाचणीचा पेपर. मध्ये मी, हातात खडूचा तुकडा. आणि मागे तिसरी-चौथीची सगळी मुलं पाढे म्हणायचं सोडून हा प्रयोग बिनतिकीट पाहत होती. नाटकवाल्यांना प्रेक्षक मिळत नाहीत म्हणतात. त्यांनी एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेत यावं.

केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. आमचे राठोड सर पुसदकडचे, मनाने लोणी, पण त्यांना दोन सवयी. वाक्य संपलं की "नोंद घ्या" म्हणायचं, आणि दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला.

"वीसपैकी सात. मागच्या चाचणीतही सात. आणि गेल्या वर्षी तुम्हीच म्हणत होता, ही पोरगी आपल्या केंद्राचं नाव काढेल. नोंद घ्या."

नोंद मी घेतलेलीच होती. फक्त तिचा अर्थ लागत नव्हता. श्रावस्ती तिसरीपर्यंत गणितात एक मार्क सोडत नव्हती. पहिलीत असताना ती शाळेच्या भिंतीवरचं सगळं वाचायची, त्यात तंबाखूची सूचनाही आली. अशी मुलगी चौथीत येऊन सातवर कशी बसते?

वडिलांनी हिशेब सोपा करून टाकला होता. ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहेत. आठवडाभर तिथे मेहुण्याच्या घरी राहतात आणि सुट्टीला गावी येतात. त्या दिवशी अर्धी रजा टाकून आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर.

"तिच्या मामाच्या घरापाशी कॉन्व्हेंट हाये," ते म्हणाले. आमच्या भागात इंग्रजी शाळा म्हटली की कॉन्व्हेंट, मग ती पत्र्याच्या शेडमध्ये का भरेना. "तिथल्या मॅडमनं हे पेपर पाह्यले. म्हणे, चौथीत नाई घेत, तिसरीत बसवू. म्हटलं, बसू द्या. पाया तरी पक्का होईन."

मी मागे वळून पाहिलं. श्रावस्ती दुसऱ्या ओळीत बसली होती. दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट चालली आहे असा चेहरा करून ती पेन्सिलीला टोक काढत होती. टोक केव्हाच निघालं होतं. कान मात्र लाल झाले होते.

मी आवाज खाली आणला. हे माझं जुनं शस्त्र आहे. ओरडणाऱ्या मास्तरणीकडे कोणी लक्ष देत नाही, कुजबुजणारीचं सगळे ऐकतात. म्हटलं, भाऊ, वर्षाच्या मध्येच दाखला काढू नका. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात सुधारली नाही तर मी स्वतःच्या हातानं दाखला लिहून देते.

त्यांनी विचार केला. फिटरसारखाच, म्हणजे आधी डोळ्यांनी माप घेतलं. "थांबतो. पण अर्ज इथंच ठेवतो." त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर स्टॅम्पपॅडची डबी ठेवली. राठोड सरांनी सुट्टीच्या आदल्या दिवशी पुन्हा चाचणी घ्यायचं जाहीर केलं, अर्जाचा फोटो काढला आणि दोघंही गेले.

आता माझी कामाची पद्धत सांगायला हवी, कारण गुन्हेगार तिथेच सापडणार आहे.

आमची शाळा दोन मास्तरांची. मुख्याध्यापक गेडाम सर पहिली-दुसरी सांभाळतात, मी तिसरी-चौथी, एकाच खोलीत. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ, अलीकडे तिसरी, पलीकडे चौथी. रेघेच्या दोन्ही बाजूंना मी एकटी. त्यात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळं शिकवायचं असतं. त्यासाठी वर्षातून काही वेळा चाचणी होते. मी वर्गात खुल्या आवाजात सांगायचे, आठाच्या खाली ज्याचे मार्क, तो रोज दुपारी एक तास माझ्यासोबत व्हरांड्यात.

व्हरांड्यात आम्ही गणित पेटी उघडायचो. सरकारकडून मिळालेली मोठी पेटी. रंगीत मण्यांची माळ, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे, फासे, काटे फिरवता येणारं घड्याळ, लाकडी त्रिकोण-चौकोन. काड्यांचा एक गठ्ठा बकरीनं खाल्ला तेव्हापासून मी पेटीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या मण्यांसोबत अडकवली होती.

आणि हुशार मुलं? त्यांचं काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी स्वतः शोधून काढलं होतं. पोरगं म्हणालं "मॅडम, झालं," की मी म्हणायचे, "झालं? मग आणखी दहा." तीही झाली, की "आता बाकीच्यांच्या वह्या तपास." फार बरं चालायचं. श्रावस्ती तिसरीपासून लाल पेन चालवत होती. तिची सही माझ्या सहीपेक्षा बरी होती. मागच्या चाचणीत सात आले तेव्हाही, बरं नसेल म्हणून मी तिला व्हरांड्यात न नेता वह्याच दिल्या होत्या.

तर, दोन्ही पेपर मी घरी आणले. चहाचा कप बाजूला ठेवून ते शेजारी शेजारी मांडले. आधी पाहिलं काय काय चुकलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काय काय बरोबर आलं ते पाहिलं, आणि चहा गार झाला.

बारा अधिक सात, चूक. वीस वजा आठ, चूक. पाचाचा पाढा, चूक. आणि पेपरातलं सगळ्यात अवघड, तीन अंकी संख्येचा भागाकार, वर बाकी उरणारा, तो बरोबर. शाब्दिक उदाहरण, ज्यात सगळी चौथी आडवी झाली होती, ते बरोबर. दुसऱ्या पेपरातही तेच. बरोबरची सात उत्तरं म्हणजे पेपरातली सगळ्यात कठीण सात गणितं.

माणूस चुकतो तेव्हा अंदाजानं चुकतो. कधी पाच येतात, कधी नऊ. ही मोजून चुकली होती. तेरा गणितं, दोन्ही वेळा.

दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. वर्गाला वीस गणितं दिली, ही छोटी चाचणीच आहे म्हणून सांगितलं, आणि ऑफिसात फोन आल्याचं निमित्त करून बाहेर पडले. शाळेला वळसा घालून हातपंपाच्या बाजूनं मागच्या खिडकीशी गेले आणि पदर सावरून डोकावले. श्रावस्ती गणित वाचायची. डाव्या तळहातावर उजव्या बोटानं काहीतरी करायची. मान डोलवायची, उत्तर आलं. मग पेन्सिल उचलून कागदावर दुसरंच काहीतरी लिहायची आणि शेजारच्या समासात एक बारीक रेघ ओढायची. चुकलेल्यांची मोजणी चालली होती.

"मॅडम, काय करून राह्यल्या?" मागून गेडाम सर.

"ऑब्झर्व्हेशन," मी म्हटलं. आमच्या खात्यात हा शब्द उच्चारला की कोणी पुढे विचारत नाही. तेही माझ्या शेजारी उभे राहून ऑब्झर्व्हेशन करू लागले. तेवढ्यात माझा पदर खिडकीच्या गजात अडकला आणि तो सोडवेपर्यंत अख्खी तिसरी आमचं ऑब्झर्व्हेशन करत होती.

दुपारी खिचडीच्या वेळी मी ताट घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"बारा अधिक सात किती?"

"एकोणीस."

"पेपरात अठरा लिहिलंस."

ती खिचडीतले वाटाणे एका बाजूला करू लागली.

"बरं, मग भागाकार कसा बरोबर आला?"

"तो चुकवाची इच्छा नाई झाली," ती म्हणाली. "लय चांगला होता."

"आणि बाकीचे कायले चुकवले?"

तिनं वाटाणे मोजले. मग म्हणाली, "आठाच्या खाली आलं की पेटी भेटते."

माझा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"यशले दोन वर्षं झाले पेटी भेटून राह्यली," ती म्हणाली. यश म्हणजे आमच्या व्हरांड्याच्या गटाचा कायमचा सभासद. "त्यानं घड्याळाचे काटे फिरवले, माळ घेतली, समदं केलं. मले फक्त वह्याच भेटते." मग अगदी व्यवहारी आवाजात तिनं विचारलं, "मॅडम, त्या कॉन्व्हेंटच्या तिसरीत पेटी असते का?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला साहेबांनी झापलंय, पालकांनी झापलंय, एकदा सरपंचानं भर सभेत झापलंय. पण मोजून इतकं नेमकं कोणी झापलं नव्हतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी मी वर्गातली सगळी मजा राखून ठेवली होती आणि ज्याला येतं त्याला बक्षीस म्हणून मजुरी देत होते. पोरीनं दोन्ही पाहिलं आणि फायद्याचं ते निवडलं. तिच्या जागी मी असते तर मीही नापास झाले असते. फक्त मला सातवर थांबता आलं नसतं.

मी वडिलांना फोन लावला आणि मोठ्या थाटात सगळं उकलून सांगितलं. मला वाटलं, ते गहिवरतील. ते म्हणाले, "मॅडम, तुमी पोरीले झाकून राह्यल्या." मग मी पेपरातली सात कठीण गणितं एकेक करून वाचून दाखवली. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. शेवटी ते बोलले.

"पटलं. मग तं पहिलेच न्यायले पायजे होती. एवढी हुशार हाये तं तिले द्यायले तुमच्यापाशी काय हाये? पेटी?"

फोन ठेवल्यावर मी आधी पेटीचं कुलूप काढलं. पेटी सगळ्यांसाठी उघडी. श्रावस्तीनं दोन दिवसांत तिचा फडशा पाडला. घड्याळाचे काटे तर तिनं उलटे फिरवून, शाळा भरायच्या आधीच कशी सुटेल याचाही शोध लावला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभी. "आता?"

मी पाचवीचं पुस्तक दिलं. आठवड्यात पुन्हा समोर. "आता?"

सहावीचं पुस्तक आणायला मी कपाटाशी गेले आणि हात तिथेच थांबला. हे तर तेच, आणखी दहा. फक्त कव्हर वेगळं. पोरीला जास्तीचं काम नको होतं. तिला असं काम हवं होतं, ज्याच्यावर ती आपटेल. आणि आपटायला लावील असं माझ्या कपाटात काही नव्हतं. वडिलांचा प्रश्न बरोबर होता. टेबलावर स्टॅम्पपॅडच्या डबीखाली त्यांचा अर्ज होता आणि दिवाळी जवळ येत होती.

आठवडी बाजारात गेले. श्रावस्तीची आई वंदनाताई बाजारात भाजी विकते. तिच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण त्या दिवशी चार्जिंग संपलं होतं म्हणून तिनं जुना हातातला तराजू काढला होता. मी तीनशे ग्रॅम वालाच्या शेंगा मागितल्या. आमच्या घरी दोन माणसं, त्याहून जास्त कोण खाणार? वंदनाताईनं वजनं चाचपली. शंभरचं वजन हरवलं होतं. काही न बोलता तिनं एका पारड्यात पाचशेचं वजन टाकलं, दुसऱ्या पारड्यात दोनशेचं, आणि त्या दोनशेच्याच अंगावर शेंगा ओतायला लागली. दांडी सरळ झाली. शेंगा तीनशे.

"ताई, हे कुठं शिकलात?"

"यात काय शिकाचं मॅडम? वजन नसलं तं भाजीकडून ठेवाचं." मग शेंगा माझ्या पिशवीत टाकत हळूच म्हणाली, "पोट्टीले नका जाऊ देऊ. मी म्हटलं तं तिचे पप्पा ऐकत नाई. तुमी म्हणा."

मी शेंगा तिथेच विसरून घरी आले. वंदनाताईनं त्या मागून पाठवल्या, आणि माझ्या सांगण्यावरून सोबत जुना तराजूही.

दुसऱ्या दिवशी तराजू वर्गात. वजनं म्हणून कंचे, म्हणजे गोट्या. यशकडे गावातली सगळ्यात मोठी कंच्यांची संपत्ती आहे, त्यानं डबाभर सारखे कंचे निवडून आणले. मी श्रावस्तीला प्रश्न दिला. कंचे कागदात बांधून वजनाच्या पुड्या करायच्या. एका पुडीत हवे तितके कंचे. माल म्हणजे सुटे कंचे. वजनं कोणत्याही पारड्यात ठेवता येतील, मालाकडूनही. एका कंच्यापासून सुरुवात करून एकही आकडा न सोडता जास्तीत जास्त दूर जायचं. पुड्या कमीत कमी. कोणकोणत्या करशील?

तिनं पहिल्यांदा तांत्रिक अडचण काढली. पुडीच्या कागदालाही वजन असतं. मग नियम ठरला, एका पारड्यात पुडी ठेवली की दुसऱ्यात तेवढाच रिकामा कागद ठेवायचा. कागदाला कागद. या नियमावर तिनं मला एकदाही सूट दिली नाही.

पहिल्या दिवशी एकची आणि दोनची पुडी केली, तीनपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी यश शेजारी बसून तिचं पाहत होता. तो म्हणाला, दोनची कायले, तीनची कर ना, दोन मोजाचे असले तं एकची पुडी मालाकडून ठेवाची. दोनच पुड्यांत चारपर्यंत. श्रावस्तीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं होतं.

तिसऱ्या पुडीवर ती अडली. पाचची केली, सहाची केली, सातची केली. दर वेळी वाटायचं, याहून पुढे जाता येईल. तीन दिवस. आयुष्यात पहिल्यांदा तिला तीन दिवसांत न सुटलेलं काही भेटलं होतं. चौथ्या दिवशी ती तराजू घेऊन माझ्या टेबलाशी आली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

"उत्तर सांगा."

"मला नाही येत."

"तुमाले येत नाई?"

"खरंच नाही. मीही घरी करून पाहतेय."

"तुमाले येत नाई तं मले काहून देल्लं?"

"ज्याचं उत्तर मला येतं ते तू चुकवतेस. म्हटलं, असं देऊ जे चुकवताही येणार नाही."

ती पाय आपटत गेली. आणि मी सांगते, मला खरोखरच येत नव्हतं. माझ्या घरी तेव्हा डाळीच्या डब्यापासून नवऱ्याच्या चष्म्याच्या घरापर्यंत सगळीकडे कंचे सापडत होते. पुढल्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असतानाच ती ओळ सोडून माझ्याकडे आली आणि कानात म्हणाली, "नऊ." मग ओळीत जाऊन प्रार्थना पूर्ण केली. एक, तीन आणि नऊ. तीन पुड्या, तेरापर्यंत सगळे. चौथी पुडी मात्र बाकी होती, आणि सुट्टीला तीन दिवस.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी राठोड सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. थोड्या वेळानं वडीलही आले, दिवाळीची रजा टाकून. ते दाराशीच उभे राहिले. त्यांची नजर पहिल्यांदा माझ्या टेबलावरच्या डबीकडे गेली. अर्ज होता.

श्रावस्तीनं पेपर दहा मिनिटांत संपवला आणि उलटा केला. मग मागच्या कोऱ्या बाजूवर ती काहीतरी काढत बसली. राठोड सर फिरत फिरत तिच्यापाशी थांबले. पेपर उचलला, चित्र पाहिलं. दोन वर्तुळं, मध्ये दांडी, खाली आकडे. "मॅडम, ही पेपर सोडून चित्रं काढते. नोंद घ्या." मग त्यांनी पेपर पलटवून पुढची बाजू पाहिली. ती त्यांनी तिथेच उभ्या उभ्या तपासली, दोनदा. वीस. त्यांनी फोटो काढला.

वडिलांनी मान हलवली. वीसवर ते हलणारे नव्हते, त्यांचा प्रश्न वीसचा नव्हताच. त्यांनी बोट उलट्या बाजूकडे दाखवलं. "हे काय काढलं?"

तिनं समजावून सांगितलं. वंदनाताईचा तराजू, कंचे, पुड्या. एक, तीन, नऊ. तेरापर्यंत येतं. चौथी पुडी कितीची? वडील दाराशी होते ते आत आले. चपला काढल्या. खाली बसले.

"चौदाची," ते म्हणाले. "तेरापर्यंत हाये ना? मग चौदाची घे."

"चौदाची घेतली तं सत्ताविसापर्यंतच जाते, पप्पा. चौदा अन् तेरा." ती बोलता बोलता थांबली. पेन्सिल हवेत. मी तिचा चेहरा पाहत होते. काहीतरी वळत होतं. "चौदा मोजाचे हायेत. नवी पुडी इकडून ठेवू, अन् तेराच्या तेरा मालाकडून. मग चौदा उरले पायजे." पुन्हा थांबली. "मग पुडी चौदाची नाई. पुडी सत्ताविसाची."

राठोड सर म्हणाले, कशावरून? दाखव. आणि तेही खाली बसले. केंद्रप्रमुख जमिनीवर बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

यशनं सत्तावीस कंचे मोजून दिले. वहीच्या कागदात ते मावेनात, पुडी फाटून दोनदा घरंगळले. "मोठा कागद द्या कोणी," श्रावस्ती म्हणाली. "अन् तेवढाच दुसरा पायजे. कागदाले कागद."

वडिलांनी वर पाहिलं. सगळ्यात जवळचा मोठा कागद माझ्या टेबलावर होता. त्यांनी हात लांबवून स्टॅम्पपॅडची डबी बाजूला केली, फुलस्केप उचलला, मधोमध घडी घातली, नखानं दाबली आणि फिटरच्या सफाईनं दोन सारखे तुकडे केले. एका तुकड्याची पुडी बांधली. दुसरा समोरच्या पारड्यात टाकला. गेडाम सर शेजारच्या वर्गातून येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही सरकारी नोकर आहोत, कधी गप्प बसायचं ते आम्हाला कळतं.

एकीकडे सत्तावीसची पुडी. दुसरीकडे नऊ, तीन, एक, आणि त्यांच्यावर यशनं एकेक करून टाकलेले चौदा कंचे. वडिलांनी तराजू उचलला. हात जराही हलला नाही. दांडी सरळ झाली.

मग पंधरा, मग सोळा. राठोड सर आकडे सांगत गेले, तेवीस म्हणाले, एकतीस म्हणाले, चाळीसही म्हणाले. प्रत्येक वेळी दांडी सरळ. मध्येच वडिलांचं लक्ष पारड्यातल्या रिकाम्या कागदाकडे गेलं. त्यावर त्यांचीच सही होती, अर्धी.

"भाऊ, तो अर्ज होता," मी अगदी हळू म्हटलं.

"माहीत हाये," ते म्हणाले. "राहू द्या. काढला तं काटा बिघडन." मग पोरीकडे वळून विचारलं, "अन् पाचवी पुडी?"

"ते सुट्टीत काढीन," ती म्हणाली. "पण उत्तर मॅडमले नका सांगजा. त्यायले येत नाई."

श्रावस्तीनं चौथी आमच्याकडेच केली. दुसऱ्या अर्जाचा विषय निघाला नाही. आता ती सहावीत आहे. यशनं व्हरांड्याच्या गटाचा राजीनामा दिला नाही, पण आता त्या गटात निम्मा वर्ग असतो आणि कोण कशासाठी आलंय ते मलाही आठवत नाही. पेटीचं कुलूप बकरीच्या भीतीनं फक्त रविवारी लावतो. राठोड सरांनी महिन्याच्या बैठकीत आमचा उपक्रम सादर केला. त्यांचा म्हणून. फोटोत मी होते. म्हणजे खडू धरलेला माझा हात होता.

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच. एखाद्या मुलाचं वर्षभर काहीच चुकत नसेल, तर मास्तराचं काहीतरी चुकत असतं. आणि "झालं" म्हणणाऱ्या मुलाला आणखी दहा द्यायच्या आधी, एक असं द्यावं जे आपल्यालाही येत नाही. त्यासाठी फार शोधावं लागत नाही. आपल्याला न येणारं पुष्कळ असतं.

परवा बाजारातून भाजी आली तर मेथीच्या जुडीत एक चिठ्ठी खोचलेली होती. ओळखीचं अक्षर, खाली माझ्यापेक्षा बरी सही. वर प्रश्न. तीन दिवस झाले, मला तो सुटलेला नाही. वंदनाताईनं काल विचारलं, पोट्टी म्हणते मॅडमचं झालं का. मी म्हटलं, सांगा तिला, मॅडम वह्या तपासून राह्यल्या.